माकडिणीच्या योनिमार्गातले जिवाणू तपासताय? या चुका टाळा

पुण्यातल्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. मॅकाक गटातल्या माकडिणीच्या योनिमार्गातला स्वॅब (कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना), पीएच (आम्लतेचं माप) ६.५, लॅक्टोबॅसिलस हे आम्ल बनवणारे जिवाणू जवळजवळ नाहीत, प्रेव्होटेला आणि स्निथिया हे दुसरे जिवाणू भरपूर. "मॅडम, माकडीण आजारी आहे की माझं सॅम्पल बिघडलं?"

बहुधा दोन्ही नाही. बाईच्या मोजपट्टीनं माकडिणीला मोजणं, ही यातली सगळ्यात मोठी चूक. बाईच्या योनिमार्गात बहुतेक वेळा लॅक्टोबॅसिलसचं राज्य असतं आणि त्यांच्या लॅक्टिक आम्लामुळे पीएच ४.५च्या खाली राहतो. मॅकाक, बबून यांच्यात मात्र ऑक्सिजनविना जगणाऱ्या नाना जिवाणूंची सरमिसळ असते, पीएच उदासीनाकडे झुकलेला असतो. प्राइमेटांमध्ये वेगळे आपण आहोत, त्या नाहीत. आपल्यातही सगळ्याजणी सारख्या नसतात: २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ३९६ अमेरिकी स्त्रियांच्या अभ्यासात, काहीही तक्रार नसलेल्या चौथाईहून जास्त जणींत लॅक्टोबॅसिलसचं वर्चस्व नव्हतं.

म्हणून न्यूजंट गुण, म्हणजे स्लाइडवरचे जिवाणू बघून बाईच्या नमुन्याला द्यायचे ० ते १० गुण, माकडांना लावूच नका. त्यात ० ते ३ निरोगी, ७ ते १० म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस (योनिमार्गातल्या जिवाणूंचा तोल बिघडणं). स्लाइडवर लॅक्टोबॅसिलससारख्या कांड्या दिसल्याच नाहीत, की ४ गुण तिथंच पडतात. धडधाकट माकडीण पहिल्याच रकान्यात निरोगी गटाबाहेर! यावरून कुणी अँटिबायोटिक सुरू केलं तर त्या मुक्या जिवावर अन्याय होतो.

लेबलवर नुसतं 'माकड' लिहू नका. मराठीत वानर वेगळं, माकड वेगळं. सह्याद्रीतलं टोपी माकड आणि उत्तरेकडचं ऱ्हीसस हेही वेगळे. प्रजातीनुसार जिवाणू बदलतात. पाळीचा दिवस, गाभण आहे का, पिंजऱ्यातली की रानातली, हेही लिहा.

गर्भाशयाच्या नमुन्यात जिवाणू फारच थोडे असतात, त्यामुळे डीएनए काढायच्या किटमधलाच डीएनए निकालात उतरतो. हवेत उघडून बंद केलेला कोरा स्वॅब आणि नुसत्या पाण्यावर चालवलेलं किट, दोन्ही सिक्वेन्सिंगला (डीएनए वाचून जिवाणू ओळखायला) पाठवा. कोऱ्यात जे सापडलं, त्यावर निष्कर्ष उभारू नका.

आणि मे महिन्यात कात्रजहून प्रयोगशाळेपर्यंत स्वॅब खिशात आणू नका. उन्हात, ट्रॅफिकमध्ये अडकलात तर झपाट्यानं वाढणारे जिवाणू बाकीच्यांना मागे टाकतात. बर्फाची पेटी न्या, पोचल्याबरोबर उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा.