उरलेले बारा आणे: मनात दाबून ठेवलेलं दुखणं मापाने कसं उलगडायचं

कुकर उतरवायची वेळ असते, पोराच्या हातून दुधाचा पेला कलंडतो आणि घरातलं मोठं माणूस असं काही ओरडतं की पोर भिंतीला चिकटून उभं राहतं. ओट्यावर सांडलेलं दूध जेमतेम अर्धी वाटी. पाच मिनिटांनी ओरडणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं होतं, कारण हे दुधावरून नव्हतं हे त्यालाही कळलेलं असतं. प्रसंग चार आण्यांचा आणि राग रुपयाचा, असं वरचेवर होत असेल तर उरलेले बारा आणे कुठल्यातरी जुन्या खात्यातले असतात. काहींच्या बाबतीत रागाचा पत्ताच नसतो. साहेबांनी "जरा केबिनमध्ये या" म्हटलं की हातपाय गार पडतात, किंवा जवळचं माणूस जाऊन वर्ष उलटलं तरी डोळ्यांतून टिपूस निघत नाही.

ते जुनं खातं उघडायला साधारण सहा आठवडे, एक शंभर पानी वही, पेन आणि मोबाइलचा टायमर एवढं पुरतं. बिघडतं ते घाईने. पहिल्याच बैठकीत सगळं उपसायला जाणारे चौथ्या दिवशी वही माळ्यावर टाकतात.

सुरुवातीलाच एक अडसर. जीव नकोसा वाटतो, स्वतःला इजा करावीशी वाटते, रोज दारू लागते, कानात आवाज येतात, अत्याचाराची किंवा मारहाणीची दृश्यं न बोलावता डोळ्यांपुढे उभी राहतात, यातलं काहीही असेल तर ही वही तज्ज्ञासोबतच उघडायची. त्रास देणारा माणूस आजही त्याच घरात राहत असेल तर आधी सुरक्षित जागा, मग जखमेची चौकशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, २४ तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. माणूस जाऊन दोन-तीन महिनेच झाले असतील तर ते दाबलेलं दुखणं नाही, ताजं दुःख आहे. त्याला लिखाणाआधी सोबत, वेळेवर जेवण आणि झोप हवी.

पहिले दोन आठवडे: फक्त नोंद

या चौदा दिवसांत भूतकाळात शिरायचं नाही. जेव्हा जेव्हा प्रतिक्रिया प्रसंगापेक्षा मोठी झाली असं वाटेल, तेव्हा चार गोष्टी टिपायच्या: काय झालं, शरीरात कुठे काय झालं, दहापैकी किती तीव्र, आणि त्या क्षणी आपण किती वर्षांचे झाल्यासारखं वाटलं. नोंद अशी दिसते: "मंगळवार, ८.४०, ठाणे स्टेशनचा पूल. मागच्याने 'चला ना काकू' म्हणून ढकललं. जबडा आवळला, घशात गोळा. ७. नववीत असल्यासारखं." बस्स, एवढीच. खुलासा, समर्थन काही नको.

वयाचा प्रश्न पहिल्यांदा विचित्र वाटतो, पण सगळ्यात जास्त माहिती तोच देतो. डोकं कारणं रचण्यात पटाईत असतं, शरीर मात्र बहुतेकदा थेट बोलतं.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे भावनेच्या जागी मत लिहिणं. "तो उर्मट आहे" हे मत झालं. आणि नुसतं "राग आला" हेही पुरेसं नाही. मराठीत चीड, संताप, अपमान, लाज, असूया, धास्ती, हुरहुर, पोरकेपणा असे वेगवेगळे शब्द आहेत, ते वापरा. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ मधल्या मेंदू-चित्रणाच्या अभ्यासात भावनेला नेमका शब्द दिल्यावर अमिग्डाला या भीतीशी निगडित भागाची हालचाल कमी झालेली दिसली. वहीतही हे घडतं. "राग" खोडून "लाज" लिहिलं की खांदे सैल पडतात.

चौदा दिवसांनी सगळ्या नोंदी एकत्र वाचा. अकरातल्या सात नोंदींत कोणीतरी चारचौघांत चूक दाखवली होती, असं काहीतरी वर येतं. सूत्र सापडलं की त्याच जातीच्या चार-पाच जुन्या आठवणी लिहून काढा, प्रत्येकी एकच ओळ, आणि प्रत्येकीला दहापैकी गुण द्या. चित्रांची वही फाडली: ४. दहावीच्या निकालाला मामांसमोर केलेली तुलना: ७. ९ किंवा १० वाली असेल तिच्यासमोर फुली मारून ठेवा, ती एकट्याने उघडायची नाही. सुरुवात ४ किंवा ५ पासून.

बसायची जागा आणि बसण्याआधीचं

वन बीएचकेत पाच माणसं राहतात तिथे "स्वतःसाठी शांत कोपरा शोधा" हा सल्ला चेष्टा वाटतो. ठाण्यातल्या कचराळी तलावाजवळचं एखादं बाकडं सकाळी चालणारे पांगल्यावर बरं. वाशी-नेरूळकडच्यांना सेक्टरातली बाग, वाचनालयाचं टेबल, पार्क केलेली गाडीही चालते. लोकलमध्ये लिहू नका. गर्दीत शरीर आधीच सावध असतं आणि ऐरोली येईपर्यंत विषय उघडून अर्धवट सोडावा लागतो. रात्री दहानंतरही नको, झोपेचं खोबरं होतं. फोनवर लिहिणार असाल तर ते घरच्यांच्या सामायिक खात्यावर आपोआप चढत नाही ना, हे आधी तपासा.

बसल्यावर पाच मिनिटं श्वास: चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून बाहेरचा लांब. काहींना श्वासाकडे लक्ष दिल्यावर उलट घाबरं होतं. त्यांनी पाच दिसणाऱ्या वस्तू, चार आवाज आणि तीन स्पर्श मोजावेत. (गाड्यांनी गजबजलेल्या घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना चार आवाज शोधावे लागत नाहीत.) तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले असू द्या. मध्येच आकडा ७ च्या वर गेला, अंग बधिर झालं किंवा आपण कुठे आहोत याचं भान सुटायला लागलं तर पेन खाली, गार पाण्याने तोंड धुवा, उठून चाला. तेवढ्यावरच थांबलात तरी त्या दिवसाचं काम झालं असं धरा.

चार दिवसांचं लिखाण

एक आठवण, सलग चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं. हे माप मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगापासून चालत आलं आहे. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे विद्यार्थी लिहून उठल्यावर जास्त उदास होते, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. नंतरच्या अनेक प्रयोगांची गोळाबेरीज केली तर सरासरी फायदा लहान दिसतो. चमत्कार मागू नका, आणि त्या दिवशी जड वाटलं म्हणून बिघडलं असंही समजू नका.

पहिल्या दिवशी काय घडलं ते: जागा, वेळ, वास, कोण कुठे उभं होतं. दुसऱ्या दिवशी तेव्हा काय वाटलं आणि काय बोलायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी त्या प्रसंगावरून तुम्ही स्वतःबद्दल कोणता निष्कर्ष काढलात ते. कळीचा दिवस हाच. ठाण्या-कळव्यात अशी घरं आहेत जिथे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि नंतर वडिलांनी घरात बोलणंच सोडलं. आठ वर्षांच्या मुलाला संप, थकलेला पगार, वाण्याची उधारी यातलं काय कळणार? त्याने हिशोब केला, "मी नकोसा आहे." हिशोब चुकीचा होता, पण पन्नाशीतही तोच चालू असतो. चौथ्या दिवशी आजच्या वयाने त्या मुलाला किंवा मुलीला चार ओळी लिहायच्या. मोठ्यांची परिस्थिती समजून घ्यायला हरकत नाही. त्यांना माफ करून टाकायची सक्ती मात्र कोणाचीच नाही. न आलेली माफी ओढून आणली की दुखणं पुन्हा खाली दडपलं जातं, या वेळी वर सद्गुणाचं झाकण घालून.

एक बारीक गोष्ट. शब्द ज्या भाषेत लागला त्याच भाषेत लिहा. दिवसभर इंग्रजीत मेल लिहिणारी माणसं "मला अनादर जाणवला" असं काहीतरी गुळगुळीत लिहितात आणि काहीच हलत नाही. तेच "मेलीला कधी अक्कल येणार" हे मूळ वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरलं की हात थांबतो. आगरी, मालवणी, अहिराणी, जी असेल ती. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात.

टायमर वाजला की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. पुढची दहा मिनिटं मोकळी ठेवा: चहा, थोडं चालणं, भाजी निवडणं. लिहून उठून थेट ऑफिसच्या कॉलवर बसलात तर उघडलेलं सगळं तिथे सांडतं. पानं कोणाच्या हाती लागायची भीती असेल तर फाडून ओल्या कचऱ्यात टाका. गॅसवर जाळायचा नाटकीपणा नको, शेजारी धावत येतात.

कुठे बिघडतं

चौथ्या दिवसाचं पान पहिल्या दिवसाच्या पानासारखंच असेल तर तुम्ही जखम चघळताय. पेनेबेकर यांच्या पुढच्या विश्लेषणात फायदा झालेल्यांच्या लिखाणात दिवसागणिक कारण सांगणारे आणि उमज दाखवणारे शब्द वाढलेले आढळले. तुमच्या पानांवर "कारण", "म्हणून", "आत्ता कळतंय" किती वेळा आलं ते मोजा. आलंच नसेल तर ती आठवण दोन आठवडे बाजूला ठेवा.

उशीला गुद्दे मारून राग "बाहेर काढणं" लोकप्रिय आहे आणि निरुपयोगी आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, चिडवणाऱ्याला आठवत पंचिंग बॅग बडवणारे शांत बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले.

तिसरी चूक गणपतीत होते. सगळे भाऊबंद गावच्या घरी जमलेले, आरती झालेली, आणि कोणीतरी वीस वर्षांचा हिशोब ताटावर मांडतं. समोरचे हादरतात, मग नाकारतात, आणि जुन्या जखमेवर नवी बसते. सांगायचंच असेल तर आधी न पाठवायचं पत्र लिहा, महिनाभर ठेवा, मग ठरवा. शनिवार-रविवारच्या हॉलमध्ये शंभर जणांना एकदम रडवून मुक्ती देणाऱ्या शिबिरांपासून लांब राहिलेलं बरं. सोमवारी आकडा ९ वर गेला तर तिथलं कोणी फोन उचलत नाही.

कोणाशी बोलायचं

पान लिहून झाल्यावर ते एका माणसाला सांगितलं की दुखणं जास्त हलकं होतं, पण माणूस नीट निवडा. लगेच सल्ला देणारा, स्वतःचं सुरू करणारा, आणि "माझ्यावेळी तर..." वाला बाद. आधी स्पष्ट सांगा: "मला उपाय नको, वीस मिनिटं फक्त ऐकशील?" समोरासमोर बसून बोलणं जड जात असेल, पुरुषांना बहुधा जातं, तर तलावपाळीला फेरी मारत बोला. नजर पाण्याकडे असली की जीभ सुटते.

दोन-तीन आठवडे झोप मोडलेली असेल, कामावर परिणाम दिसत असेल किंवा फुली मारलेली आठवण सारखी वर येत असेल तर व्यावसायिक मदत घ्या. औषध मानसोपचारतज्ज्ञ देतात, ते डॉक्टर असतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो आणि तो विचारण्यात काही गैर नाही. समुपदेशकाला शिक्षण कुठे झालं, या प्रकारच्या त्रासावर काम केलंय का, एका सत्राचे किती, हे पहिल्याच फोनवर विचारा. सत्र साधारण ४५ ते ६० मिनिटांचं असतं. "याला ठाण्याला पाठवा" हा विनोद महाराष्ट्रभर झाला तो इथल्या १९०१ च्या मनोरुग्णालयामुळे, आणि त्या विनोदाला घाबरून खुद्द ठाणेकरच उपचार टाळतात. याच शहरात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था मानसिक आरोग्याचं काम करते आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे.

पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात लिखाण थांबवून एकच छोटी कृती निवडा, जी जुना निष्कर्ष खोटा पाडेल. चारचौघांत चूक दाखवल्यावर गोठणाऱ्याने बैठकीत एकदा म्हणायचं, "हे मला नंतर वेगळं सांगाल का?" तीनदा सॉरी म्हणून रजा मागणाऱ्याने एकदाही सॉरी न म्हणता मागायची. आठवड्यातून दोनदा, आणि प्रत्येक वेळी नोंद, पहिल्या आठवड्यासारखीच चार कलमांची.

सहा आठवड्यांनी पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवून आकडे बघा. ७ चा ४ झाला असेल तर पुढची आठवण घ्या. शून्य होत नाही, तशी अपेक्षाही धरू नका. तसाच राहिला असेल तर वही घेऊन तज्ज्ञाकडे जा. तुमच्या नोंदी हातात असल्या तर पहिल्या भेटीतला निम्मा वेळ वाचतो.