मिसो कात्सुदोन: सॉसमधल्या गुठळ्या आणि मऊ पडणारं आवरण

मिसो कात्सुदोन म्हणजे भातावर तळलेला पोर्कचा तुकडा (कात्सु) आणि वर मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचा सॉस. जपानमधल्या नागोयाकडच्या या पदार्थात माझं दोन ठिकाणी बिघडायचं. सॉसमध्ये गुठळ्या राहायच्या, आणि कात्सुचं आवरण भातावर पडताच लिबलिबीत व्हायचं.

गुठळ्यांचं कारण हाच्चो मिसो. नागोयाजवळच्या ओकाझाकीचा हा मिसो नुसता सोयाबीन-मिठाचा, तांदूळ नसलेला आणि कमी पाण्याचा, म्हणून चिकणमातीसारखा घट्ट. थेट उकळत्या पातेल्यात टाकला की विरघळतच नाही. दोघांसाठी ६० ग्रॅम मिसो वाटीत घ्या, १०० मिली कोमट दाशी (जपानी स्टॉक) थोडी थोडी घालत चमच्याच्या पाठीने रगडा आणि गाळा. मग ३ मोठे चमचे साखर, २ चमचे मिरिन (तांदळाची गोड वाइन) घालून मंद आचेवर ५ मिनिटं ढवळा. चमच्यावरच्या सॉसमधून बोट फिरवल्यावर रेघ टिकली पाहिजे. साखर कमी करू नका, मिसोचा कडवटपणा वर येतो.

पोर्कचा दीड सेंमी जाड तुकडा नीट कोरडा पुसा. ओला राहिला तर आवरण सुटतं. मग मैदा, अंडं, पांको (जपानी ब्रेडचा चुरा) या क्रमाने लावा. १७० अंशांवर ४-५ मिनिटं तळून जाळीवर ३ मिनिटं ठेवा. ताटात ठेवलात तर खालची बाजू स्वतःच्याच वाफेने भिजते! भातावर आधी बारीक चिरलेला कोबी, त्यावर कात्सु. सॉस अगदी वाढताना, मधोमध एक पट्टा. कडा कोरड्याच राहू द्या.