जन्मदाखला नसताना अमेरिकेचा स्पाउस व्हिसा: माझा अनुभव

नवरा अमेरिकन नागरिक, टेक्ससला. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात माहेरी. त्यांचा आय-१३० (जोडीदाराला बोलावण्याचा) अर्ज मंजूर होऊन केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे (मुलाखतीआधी कागद तपासणारं अमेरिकी सरकारी कार्यालय) गेली आणि घोडं अडलं माझ्या जन्मदाखल्यावर. जन्म घरी झालेला, नोंदच नाही. एक एजंट म्हणाला, "ताई, दाखला करून देतो." मी ऐकलं नाही. खोटा कागद सापडला तर कायमची बंदी येऊ शकते.

मार्ग सरळ होता. जन्म-मृत्यू निबंधकाकडे अर्ज करून १९६९ च्या कायद्याच्या कलम १७ खाली 'नोंद उपलब्ध नाही' असं प्रमाणपत्र घेतलं. त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि आई-बाबांचं प्रतिज्ञापत्र जोडलं. प्रमाणपत्र कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत (आमच्या भागाची ही गंमत!), म्हणून दोन्हींचं इंग्रजी भाषांतर लागलं. भाषांतरकाराने 'मला मूळ भाषा आणि इंग्रजी दोन्ही येतात, भाषांतर अचूक आहे' असं लिहून सही करायची. हे राहिलं की कागद परत येतो.

पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतूनच काढायचं, नुसतं ठाण्याचं पत्र चालत नाही. आय-८६४ म्हणजे आर्थिक हमी, ती नवऱ्याने भरली.

मुलाखत मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये. त्याआधी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडेच मेडिकल. मूळ कागद सोबत ठेवा. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तिकडे पोचलात तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (ग्रीन कार्डवरची अट काढण्याचा अर्ज) भरायचा.