कमोडोर 64 ला 1541 ड्राइव्ह जोडताय? या चुका टाळा

जुना कमोडोर 64, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक, आणि त्याचा 1541 हा फ्लॉपी ड्राइव्ह हाती आला की नव्या मंडळींना घाई सुटते. मग त्याच त्या चुका होतात आणि वर "ड्राइव्हच गेलाय" अशी तक्रार येते. बहुतेक वेळा ड्राइव्ह ठणठणीत असतो.

मशीन चालू असताना ड्राइव्ह जोडणारी सीरियल केबल लावू किंवा काढू नका. यूएसबीची सवय इथे महागात पडते, कारण या केबलच्या काही तारा थेट मशीनच्या आतल्या सीआयए चिपपर्यंत (बाहेरच्या उपकरणांशी बोलणारी चिप) पोचतात. मी तर मशीन आणि ड्राइव्ह दोन्हींची बटणं बंद आहेत हे पाहिल्याशिवाय केबलला हातच लावत नाही.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते: ड्राइव्हचा लाल दिवा चालू असताना फ्लॉपी ओढणं. हा ड्राइव्ह सेकंदाला जेमतेम चारशे बाइट पाठवतो. कमोडोरच्याच आधीच्या व्हिक-20 संगणकामधल्या 6522 चिपच्या दोषामुळे एकेक बिट सॉफ्टवेअरने ढकलावा लागला आणि ती पद्धत पुढेही तशीच राहिली. तीस केबीला सव्वा मिनिट लागणारच. आमच्यातल्या एकाला तेवढाही धीर नव्हता. सेव्ह चालू असतानाच त्याने फ्लॉपी काढली. फ्लॉपीवरच्या फाइलींच्या यादीत त्या फाइलच्या प्रकाराआधी तारा (*) आला, म्हणजे फाइल बंदच झाली नव्हती. पठ्ठ्याने त्यावर आणखी दोन फाइली सेव्ह केल्या आणि मग तारावाली फाइल 'स्क्रॅच' करून, म्हणजे पुसून, टाकली. तिथेच घात झाला. अर्धवट फाइलची साखळी नव्या फाइलींच्या ब्लॉकमध्ये शिरली होती. स्क्रॅचने तेही मोकळे केले आणि पुढच्या सेव्हने त्यांवर लिहिलं. अशा वेळी स्क्रॅच नको, व्हॅलिडेट करा, म्हणजे कुठले ब्लॉक भरलेत आणि कुठले मोकळे याची नोंद नव्याने जुळवून घ्या: ओपन 15,8,15,"व्ही0":क्लोज 15. मात्र जिओसच्या (चित्रांच्या खिडक्यांवर चालणारी कमोडोरची प्रणाली) फ्लॉपीवर हा आदेश चुकूनही देऊ नका, तिथे तो फाइलीच खातो.

लोडिंगचा वेग वाढवणारं फास्ट लोडर कार्ट्रिज हवं तर घ्या, पण आधी साध्या वेगाने सगळं चालतंय ना ते बघा. नाहीतर दोष कुणाचा हे शोधत बसाल.

बेसिक या भाषेत लिहिलेला प्रोग्राम सेव्ह न करता फाइलींची यादी मागणारा लोड "$",8 देऊ नका. यादी मेमरीत प्रोग्रामच्याच जागेत येऊन बसते आणि दुपारभराची मेहनत पुसली जाते.

'@' लावून जुन्याच नावावर सेव्ह करू नका. 1541 मध्ये त्याचा खराखुरा बग आहे. मी नावापुढे आकडा वाढवत जातो. जागा भरते, भरू दे.

लोड-सेव्हच्या आदेशाअखेर 8, म्हणजे ड्राइव्हचा क्रमांक, लिहायला विसरलात तर मशीन कॅसेट मागतं. दोन ड्राइव्ह असतील तर दोघांना 8 देऊ नका, एकाला 9 करा.

लाल दिवा लुकलुकला की बंद-चालू करू नका, चूक काय झाली तेच पुसलं जाईल. ड्राइव्ह आपली चूक जिथे सांगतो ते चॅनेल 15 वाचणारा चार ओळींचा प्रोग्राम जवळ ठेवा. 26 हा आकडा आला तर फ्लॉपीची खाच झाकलेली आहे, म्हणजे तिच्यावर लिहायला मनाई आहे. 73 आणि पुढे ड्राइव्हचं नाव दिसलं तर घाबरू नका, चालू झाल्यावर तो स्वतःची ओळख करून देतो, इतकंच.