सल्ले दिले, तांदूळ निवडले: इंग्रजीत मोजताना या चुका टाळा

वह्या तपासताना माझं लाल पेन सर्वांत जास्त अडतं ते शब्दाच्या शेवटच्या 'एस'पाशी. कुठे तो उगाच आलेला, कुठे हवा तिथे गळलेला. 'फर्निचर, लगेज, इन्फॉर्मेशन अनकाउंटेबल' (म्हणजे मोजता न येणारी नामं) ही यादी मुलं घोकून येतात आणि तरीही चुकतात, कारण चुकीचं मूळ बहुतेक वेळा आपल्या मराठीत असतं. काय एक धरायचं आणि काय अनेक, हे लहानपणीच डोक्यात बसलेलं असतं.

स्वयंपाकघरातच बघा. आपण साखर आणतो ती 'आणली', पण तांदूळ मात्र 'निवडले'. दाणे तर दोन्हीकडे आहेत! मग वहीत वाक्य येतं, 'द राइस आर कुक्ड'. इंग्रजीत राइसला 'इज'च लागतं. दाणा बारीक म्हणून मोजत नसतील, असा तर्क मुलं लावतात. पण 'व्हीट इज' आणि 'ओट्स आर', दोन्ही धान्यंच. वाटाण्याची गोष्ट तर मला फार आवडते. जुन्या इंग्रजीभाषकांचा शब्द होता 'पीझ', आणि तो व्हीटसारखाच एकवचनी. शेवटचा 'झ' लोकांना अनेकवचनाचा वाटला आणि 17व्या शतकात 'पी' हे नवं एकवचन रूढ झालं. म्हणून तर्काच्या भरवशावर राहू नका, शब्द त्याच्या क्रियापदासकट पाठ करा.

केसांचंही तसंच. आपले केस गळतात, म्हणून 'माय हेअर्स आर फॉलिंग'. डोक्यावरचे सगळे मिळून 'हेअर इज'. आमटीत एक निघाला तर मात्र 'अ हेअर', दोन निघाले तर 'टू हेअर्स'.

आपण सल्ले देतो, बातम्या ऐकतो. इंग्रजीत 'अॅडव्हाइस'ला एस लागत नाही, आणि 'न्यूज'ला एस दिसत असूनही 'न्यूज इज'. मोजायचंच असेल तर आधी 'अ पीस ऑफ' लावा. हे आपल्याला परकं नाही. दोन तांबे पाणी, चिमूटभर मीठ आपणही म्हणतोच. 'माहित्या' कुणी म्हणतं का? मग 'इन्फॉर्मेशन्स'ही नको.

उलट बाजूनेही घसरायला होतं. कात्री, चष्मा, पँट आपल्याकडे एकेकच. इंग्रजीला त्यात दोन पाती, दोन काचा, दोन पाय दिसतात, म्हणून 'माय स्पेक्टॅकल्स आर ऑन द टेबल'. दोन कात्र्या हव्या असतील तर 'टू पेअर्स ऑफ सिझर्स'.

आता ज्या चुकीवर लाल रेघ मारताना माझा हात जड होतो ती. 'माय फादर आर अ फार्मर.' बाबांना 'आहे' म्हणणं या मुलाच्या जिभेवर येत नाही, 'आहेत'च येतं, आणि तो ते मनापासून इंग्रजीत नेतो. आदर चुकीचा नाही. फक्त इंग्रजी क्रियापदाला आदरार्थी बहुवचन ठाऊक नाही. तिथे 'इज'च.

लिटर, किलो, मीटर आपल्याकडे बदलत नाहीत, म्हणून 'फाइव्ह लिटर ऑफ मिल्क'मधला एस सुटतो. 'वन ऑफ माय फ्रेंड' मात्र मराठीनेच दुरुस्त होतं: 'माझ्या मित्रांपैकी एक' असं मनात म्हणा, फ्रेंड्स आपोआप येईल.

अडलात तर शब्दकोश उघडा, पण इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या अशा कोशांत नामाजवळ 'सी' किंवा 'यू' छापलेलं असतं: सी म्हणजे मोजता येणारं, यू म्हणजे न येणारं. ही खूण शब्दाची नव्हे, अर्थाची असते, म्हणून एकच अर्थ वाचून कोश मिटू नका. 'पेपर' काढून पाहा. कागद या अर्थी यू, वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका या अर्थी सी. लिहायला कोरा कागद हवा असेल तर 'अ शीट ऑफ पेपर' मागा. नुसतं 'अ पेपर' म्हटलंत तर समोरचा सकाळचं वर्तमानपत्र पुढे करेल.