शिलाईच्या खोलीतली कात्रणं आणि दोरे कसे सांभाळावेत

लग्नसराईचे ब्लाउज आणि जूनमधले शाळेचे गणवेश, या दोन हंगामांत शिवणकामाच्या घरातलं चिंध्यांचं गाठोडं फुगतं. 'सवडीनं निवडू' म्हणून ते पलंगाखाली सरकवलं की निवडणं राहूनच जातं. शिवाय महिन्याभरानं हातात आलेला तुकडा सुती की टेरिकॉटचा, हेही आठवत नाही. म्हणून कात्रण निवडायचं ते कापड बेततानाच.

आधी जात, मग रंग

बहुतेक जणी रंगानुसार निवडतात. दिसायला ते छान, पण कामाचं नाही. बेतायच्या टेबलाला तीन कापडी पिशव्या अडकवा: एक सुतीची (अस्तर, कॉटन, जुनी धोतरं), दुसरी टेरिकॉट आणि पॉलिस्टरची, तिसरी रेशीम-जरीची. दोऱ्यांच्या तुकड्यांना मशीनपाशी वेगळा डबा ठेवा.

जात ओळखू येत नसेल तर बोटभर चिंधी चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून पेटवा. सुती कापडाला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो, राख चिमटीत चुरडते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतो. गणवेशाचं कापड बहुधा मिश्र असल्यामुळे थोडी राख, थोडा मणी असं दोन्ही दिसतं. मणी गार झाल्याशिवाय हात लावू नका, भाजतं.

काय ठेवायचं?

माप हातानंच घ्या. वीतभर लांब-रुंद तुकडा ठेवायचा. त्यात खिसा, बाहीची पट्टी, छोटा बटवा निघतो. चार बोटं रुंद पण लांब पट्टीही ठेवायची, नाडी आणि लूपसाठी. त्याहून लहान ते सगळं भरणात. प्रत्येक जातीची एकच पिशवी ठेवायची आणि ती भरली की आधी वापरायची किंवा काढून टाकायची. दुसरी पिशवी आणली की शिस्त गेलीच म्हणून समजा.

सुती चौकोनी तुकड्याचा सर्वांत चांगला उपयोग पायपिंगसाठी, म्हणजे कडेला लावायच्या तिरप्या पट्टीसाठी. 10 इंची चौकोन कर्णावर, म्हणजे 45 अंशांत, सव्वा इंच रुंदीच्या पट्ट्यांत कापा. सांधे आणि टोकं वजा जाता पावणेदोन मीटरच्या आसपास पट्टी निघते, एका ब्लाउजच्या गळ्याला पुरून उरते. पट्ट्या जोडताना दोन टोकं काटकोनात एकावर एक ठेवून तिरपी शिलाई मारा. सरळ जोडल्या तर सांध्याचे थर एकाच जागी येतात आणि नेमका गळ्यावर गठ्ठा उठतो.

वाकळ शिवायची असेल तर एक खबरदारी घ्या. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, पॉलिस्टर आटत नाही. दोन्ही एकत्र शिवले की धुतल्यावर वाकळीला फुगे येतात. सुती तुकडे आधी भिजवून, वाळवून घ्या. लाल आणि गडद निळ्याची पारख वेगळी करा: ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासा, फडकं रंगलं तर तो तुकडा पांढऱ्याशेजारी लावू नका.

टेरिकॉटच्या कात्रणांचं पुसणं करू नका, पाणी नीट टिपत नाही. त्यांची दाराखाली ठेवायची वळकटी करा. उन्हाळ्यात फटीतून येणारी धूळ तिनं बरीच अडते. 38 इंच लांब, 9 इंच रुंद कापडाची नळी शिवा आणि बारीक चिरलेल्या चिंध्या ठासून भरा. चिंध्या अर्ध्या इंचाहून मोठ्या राहिल्या की भरणाच्या गाठी होतात. कात्रणांची उशी मात्र कापसाच्या उशीपेक्षा फार जड होते. बसायचं आसन करा, ते बरं.

पैठणीच्या काठाचे तुकडे प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका. आत दमटपणा कोंडला की जर काळी पडते. मऊ सुती फडक्यात गुंडाळा आणि घडीची रेघ मधूनमधून बदला, एकाच घडीवर जर तुटते.

दोरे

बॉबिनवर, म्हणजे मशीनच्या खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळावर, दोन-तीन मीटर दोरा उरला असेल तर त्यावरच नवा भरायचा मोह होतो. तसं केलं की गुंडाळी उंचसखल होते आणि टाका कुठे सैल, कुठे घट्ट पडतो. उरलेला दोरा पुठ्ठ्यावर गुंडाळून हुक, काजं आणि कच्च्या टाक्यांसाठी ठेवा. खिडकीत किंवा तापलेल्या पत्र्याखाली पडून राहिलेली रिळं आधी तपासा: हातभर दोरा हलक्या झटक्यानं तट्कन तुटला तर तो मशीनला लावू नका.

चिंधी मशीनमध्ये गेली की

कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं की दोष बॉबिनला दिला जातो. बहुधा तो वरच्या दोऱ्याचा असतो: टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, दोन चकत्यांमध्ये धाग्याचं बोंड अडकलेलं असतं किंवा दोरा चकत्यांत बसलेलाच नसतो. प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचला, चकत्या सैल होतात, मग घडी घातलेली सुती चिंधी त्यांतून ओढा. सुईखालची पट्टी दोन स्क्रू काढून उचला आणि दात्यांमधली लव ब्रशनं झाडा. तोंडानं फुंकू नका, लव आणखी आत जाते आणि श्वासाची वाफही बसते. सफाईनंतरच तेल द्या. लवेवर तेल पडलं की तिचा लगदा होतो. पायडल जड वाटू लागलं तर आधी खालच्या चाकाचा आस बघा, तिथे हमखास दोरे गुंडाळलेले सापडतात.

खोलीतल्या कूलरचंही असंच. तो खोलीच्या आत ठेवला असेल तर सगळी लव जाळ्यांवर ओढतो आणि हवा कमी होते. शिवाय त्याच्या ओल्या हवेत मशीन गंजतं. कूलर खिडकीबाहेर हवा.

टाकायचं ते

सुती चिंध्या गॅरेजवाले तेल पुसायला घेतात. पॉलिस्टर चुलीत घालू नका, धूर घशाला बाधतो. ते सुक्या कचऱ्यात द्या. दोऱ्यांचे गुंते रस्त्यावर टाकू नका, पाखरांच्या पायांत अडकतात. चिंध्या गुरांच्या पोटात जातात. मोडक्या सुया आणि टाचण्या झाकणाच्या बाटलीत साठवा, भरली की झाकण चिकटपट्टीनं बंद करून मगच घंटागाडीत द्या.