पोटाच्या कॅन्सरचं दुर्बिणीचं ऑपरेशन झाल्यावर खाणं-पिणं कसं सांभाळावं

"चारपाच भोकंच तर आहेत, आठ दिवसांत टुणटुणीत होतील." माझ्या काकांना भेटायला आलेला प्रत्येक जण हेच म्हणायचा, आणि काकांनाही ते खरं वाटायला लागलं. घोळ तिथेच झाला.

दुर्बिणीने केलं म्हणून आतलं ऑपरेशन लहान होत नाही. जठर तेवढंच कापतात, आजूबाजूच्या लसिकागाठीही (लिम्फ नोड) काढतात. फायदा जखमेचा: दुखणं कमी, जखम चिघळण्याची भीती कमी, माणूस लवकर उठून चालतो. सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरवर कोरियात मोठी चाचणी झाली. त्यात पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण दुर्बिणीच्या आणि पोट उघडून केलेल्या अशा दोन्ही पद्धतींत जवळपास सारखंच, ९३-९४ टक्के होतं. म्हणजे काळजी पोट उघडून केलेल्या ऑपरेशनइतकीच घ्यायची.

आधी डिस्चार्ज कार्ड वाचा

जठराचा खालचा भाग काढलाय की पूर्ण जठर? पूर्ण काढलं असेल तर अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडलेली असते. पुढची औषधं आणि तपासण्या यावरच ठरतात. कार्डावरचं कळलं नाही तर सर्जनला कागदावर चित्र काढून दाखवायला सांगा. बहुतेक डॉक्टर आनंदाने काढतात.

मग वाटी बदला

डॉक्टरांनी पातळावरून मऊ जेवणावर यायला सांगितलं की ताट विसरायचं. आमच्या काकूंनी देवघरातली नैवेद्याची वाटी बाहेर काढली. दिवसातून सहा ते आठ वेळा, दर दोन-अडीच तासांनी, ती एक वाटी. "देवापेक्षा जास्त वेळा नैवेद्य मिळतोय मला," असं काका म्हणायचे.

वाटीत आधी प्रथिनं: उकडलेलं अंडं, घट्ट मुगाचं वरण, पनीर, वाफवलेला मासा. भात त्यानंतर. घास अगदी लगदा होईपर्यंत चावायचा, एका वाटीला वीस मिनिटं लागली तरी चालतील. सगळ्यात अवघड जातं ते पाणी. तांब्या शेजारी घेऊन जेवायची आपली सवय मोडावी लागते. पाणी, ताक, चहा हे सगळं जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर, घोट घोट.

ग्लुकोजचा डबा कपाटात ठेवा

तिसऱ्या आठवड्यात अशक्तपणा वाटतो म्हणून कुणीतरी काकांना ग्लासभर ग्लुकोजचं पाणी दिलं. पंधरा मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळ, मग जुलाब. घरच्यांना वाटलं हार्ट अॅटॅकच. याला डॉक्टर डम्पिंग म्हणतात. अन्न थोडं थोडं पुढे सोडणं हे जठराचं काम. ते जठर किंवा त्याच्या खालच्या तोंडाशी असलेली झडप नसली की साखर एकदम आतड्यात उतरते आणि अंगातलं पाणी तिकडे ओढून घेते. उसाचा रस, सरबत, श्रीखंड, जिलेबी, सगळ्यांचं हेच. असं झालं तर थोडा वेळ पडून राहायचं, पण उशा उंच ठेवून. नाहीतर पित्त घशाशी येतं. रात्रीचं जेवणही झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरकावं.

याची उलटी तऱ्हाही आहे. जेवून एक ते तीन तासांनी हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा रक्तातली साखर उतरलेली असते. मग मात्र चमचाभर साखर द्यायची आणि पाठोपाठ काहीतरी घट्ट खायला. कुठला त्रास कशाने झाला हे शाळेच्या वहीत लिहून ठेवा. महिन्याभरात वहीच डॉक्टरपेक्षा जास्त सांगते.

इंजेक्शनची तारीख कालनिर्णयवर

पूर्ण जठर गेलं की बी-१२ जीवनसत्त्व अन्नातून नीट शोषलं जात नाही; बाहेरून जन्मभर घ्यावं लागतं, बहुधा इंजेक्शनने. शरीरातला साठा दोनेक वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता दिसते तेव्हा सगळे ऑपरेशन विसरलेले असतात. हातापायांना मुंग्या, धाप, फिकटपणा ही तिची लक्षणं. लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही तपासत राहावं लागतं. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, ती वाया जाते.

वजन आठवड्यातून एकदाच करा. पहिल्या काही महिन्यांत दहा टक्के किंवा त्याहून जास्त उतरणं नेहमीचं आहे. पण उतरतच राहिलं तर आहारतज्ज्ञांकडे जा. चालणं पहिल्या दिवसापासून. भरलेली बादली आणि सिलिंडर मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुसऱ्याने उचलायचा.

ओवा-हिंगावर थांबू नये असं

अचानक पिळवटून टाकणारी कळ आणि उलट्या, मग ऑपरेशनला दोन वर्षं झालेली असोत. आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं, आणि दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर हे विशेष लक्षात ठेवावं. कॅज्युअल्टीत शिरताच आधी जठराचं ऑपरेशन झाल्याचं सांगा. बारीक व्रण पाहून कुणाच्या लक्षात येत नाही. घास अडकणं, ताप, डांबरासारखी काळी शी झाली तरी त्याच दिवशी दाखवा. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आठव्या महिन्यात गणपती आले. काकांनी अर्धा उकडीचा मोदक घेतला, जेवणावर नाही, दुपारी चारच्या वाटीत. काकू घड्याळाकडे बघत बसल्या. वीस मिनिटं झाली, घाम नाही. उरलेला अर्धा त्यांनी सहासाठी झाकून ठेवला.